मुंबई ते लंडन : एका रेषेची हकीकत

मुंबईच्या सहार विमानतळापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंतचे अंतर, पृथ्वीच्या पाठीवरून जवळात जवळच्या मार्गाने मोजले असता, सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. ही संख्या गोलाच्या गणिताने सिद्ध झालेली असून तिच्यात कोणत्याही सरकारला, कंपनीला वा मोसमी वाऱ्याला यत्किंचितही फेरफार करता येत नाही. परंतु हे अंतर तोडावयास निघालेल्या मनुष्याच्या हाती जे तिकीट पडते त्यावर किलोमीटरांचा उल्लेख नसतो. तेथे केवळ सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ, आणि तीही दोन निरनिराळ्या शहरांच्या घड्याळांप्रमाणे, छापलेली असते. आजचे मोठे जेट विमान ताशी सुमारे नऊशे किलोमीटर वेगाने चालते, हे लक्षात घेता त्रैराशिकाने हा प्रवास आठ तासांत आटोपावयास हवा. प्रत्यक्षात त्यास साडेनऊ-पावणेदहा तास लागतात. मधले दीड-पावणेदोन तास कोणाच्या खात्यावर खर्ची पडतात, याची रुजुवात घेण्याची बुद्धी २०२५ च्या उन्हाळ्यात लेकीकडे लंडनला जाताना मला झाली, आणि समोरच्या आसनाच्या पाठीवर विमानाचा नकाशा अखंड दिसत असल्याने तसे करण्यास सवडही भरपूर मिळाली.

निघण्यापूर्वी नातवाच्या पृथ्वीगोलावर मी एक दोरा ताणून पाहिला होता. त्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे लंडनवर धरून तो घट्ट ओढला म्हणजे जी वाट दिसते ती प्रथमदर्शनी कोणासही चमत्कारिक वाटावी अशीच आहे. हा दोरा मुंबईहून पश्चिमेस न जाता वायव्येस उसळतो, नेमका कराचीवरून जातो, बलुचिस्तान आणि इराणची वाळवंटे तुडवीत कास्पियन समुद्राच्या नैर्ऋत्य कोपऱ्यास स्पर्श करतो, तिबिलिसीच्या जवळून काकेशस ओलांडतो, काळ्या समुद्राच्या उत्तरेला क्रिमिया व ओडेसा गाठतो आणि मग क्राकूव्ह, प्राग, कोलोन अशा मध्य युरोपातील नगरांच्या आसपासून लंडनला पोहोचतो. आमच्या शाळेच्या भिंतीवर जो भला मोठा नकाशा टांगलेला असे, त्यावर मात्र मास्तरांनी आखणी ठेवून काढलेली रेघ अगदीच निराळ्या मुलखांतून जात असे: बंदर अब्बास, बगदाद, तुर्कस्थान, बाल्कन. मर्केटर याने १५६९ साली योजिलेल्या पद्धतीचा तो नकाशा; त्याच्यावरील सरळ रेघ खलाशाला एकाच दिशेने सुकाणू धरून जाण्यास सोयीची, पण लांबीने अधिक. या दोन वाटांत किती फरक पडतो म्हणून हिशेब केला तेव्हा तो जेमतेम दोनशे किलोमीटरांचा निघाला, आणि एवढ्याशा फरकापायी आम्हां मुलांना गोलाची भूमिती घोकून घेणाऱ्या मास्तरांविषयी त्या क्षणी माझे मत किंचित कलुषित झाले. पुढे विमानात बसल्यावर ते अधिकच कलुषित व्हावयाचे होते.

या दोन नगरांमधील अंतर आमच्या पूर्वजांना कसे भासत असेल याची कल्पना आज करू म्हटले तरी नीटशी करता येत नाही. इ. स. १७८० च्या सुमारास रघुनाथराव पेशव्यांनी आपली बाजू मांडण्यासाठी हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील आणि त्याजबरोबर दोन पारशी गृहस्थ विलायतेस रवाना केले. तेथे त्यांच्या सोवळ्या-ओवळ्याची आणि स्वयंपाकपाण्याची अडचण पाहून एडमंड बर्क याने त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या वाडीवर नेले आणि बागेतील रोपांसाठी बांधलेले काचघर त्यांच्या पूजेअर्चेसाठी मोकळे करून दिले. त्या काळी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जाणाऱ्या जहाजास लंडन-मुंबई हे अंतर सुमारे १०,७०० सागरी मैल पडे, आणि त्यात वारा पडला, बंदरात मुक्काम लांबला, की सहा-सहा महिने निघून जात. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझचा कालवा खुला झाला आणि तेच अंतर सुमारे ६,२०० मैलांवर आले; दोन शहरांच्या जागा तिळमात्र न हलवता त्यांच्यातील साडेचार हजार मैल पुसून टाकणारे ते काम. पुढल्याच वर्षी समुद्रतळाची तार मुंबईस लागली, तेव्हा बातमी माणसाच्या पुढे निघून गेली ती कायमचीच. माणूस मात्र बॅलार्ड पिअरवरून बोटीत चढून दोन-अडीच आठवडे एडन, सुवेझ आणि भूमध्य समुद्राची हवा खातच जात राहिला. सावरकर १९०६ च्या जून महिन्यात बॅरिस्टरीसाठी निघाले तेही 'पर्शिया' नावाच्या अशाच एका बोटीने.

विमानाचा प्रारंभही मोठा गमतीचा आहे. १९२९ च्या मार्च महिन्यात 'इंपीरियल एअरवेज' या कंपनीने लंडन ते कराची अशी टपाल व प्रवासी वाहतूक सुरू केली. तिला सात दिवस लागत. या सात दिवसांत प्रवासी क्रॉयडनहून विमानाने बाझेलला, तेथून आगगाडीने जिनोआला, जिनोआहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रियाला आणि मग इजिप्तमधून दुसऱ्या विमानाने गाझा, रुतबा, बगदाद, बसरा, बुशायर, जास्क, ग्वादर असे मुक्काम घेत कराचीला येई. मध्ये आगगाडी का? तर युरोपातील एका सरकारने आपल्या हद्दीवरून उडत येण्यास मुभा दिली नाही म्हणून. कराचीहून मुंबईपर्यंतचा शेवटचा टप्पा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका चिमुकल्या 'पुस मॉथ' विमानातून टपालाची पोती आणून जुहूला पुरा केला; वाटेत अहमदाबादेस त्यांच्या विमानासाठी पेट्रोल आले होते ते बैलगाडीतून. त्यानंतर सोळा वर्षांच्या आत, ८ जून १९४८ रोजी, 'मलबार प्रिन्सेस' नावाचे चार पंख्यांचे विमान पस्तीस प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो व जिनिव्हा येथे थांबत लंडनला गेले आणि त्या प्रवाशांत स्वतः टाटाही होते. १९६० साली जेट विमाने आली, पुढे वाटेतले थांबेही गळाले, आणि प्रवास एका बैठकीचा झाला.

माझे विमान पहाटे साडेपाचचे होते. म्हणजे पुण्याहून आदल्या रात्री दहाच्या सुमारास निघणे, द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात मालमोटारींच्या रांगेमागे रखडणे, आणि सहारला सामानाची व पारपत्राची तपासणी आटोपून पहाटेपर्यंत बाकड्यावर पेंगणे आलेच. या सात-साडेसात तासांची नोंद कोणत्याही वेळापत्रकात सापडत नाही. बरोबर साडेपाचला विमानाच्या चाकांखालचे अडसर, ज्यांना तेथील कामगार 'चॉक' म्हणतात, काढले गेले. तिकिटावरची वेळ मोजली जाते ती या क्षणापासून, आणि संपते ती लंडनला पुन्हा चॉक लागले म्हणजे. विमान हवेत आहे की जमिनीवर तिष्ठत आहे याच्याशी तिला कर्तव्य नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जात असल्याने त्या दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. परिणामी पहाटेच्या त्या घाईत आमच्यापुढे विमानांची बरीच मोठी रांग होती, आणि एकेक विमान पुढे सरकताना पाहण्यात वीस मिनिटे गेली. मग विमान धावले, जुहूच्या वाळूवरचे दिवे डाव्या-उजव्या अंगाने सर्रकन मागे पडले आणि खाली समुद्राचा काळोख आला.

येथून पुढे मी नकाशाकडे टक लावून होतो. विमानाचे नाक कराचीकडे वळणार नाही हे मला ठाऊक होते, कारण २०२५ च्या एप्रिल अखेरीस पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि आठवड्याभरात आपणही त्यांना आपले बंद केले. असाच प्रसंग २०१९ साली फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत येऊन गेला होता. तिकडे ओडेसा व क्रिमिया यांवरील आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून युद्धामुळे प्रवासी विमानांना वर्ज्य झालेले. म्हणजे माझा तो ताणलेला दोरा पहिल्याच टप्प्यात एकदा आणि काळ्या समुद्राच्या काठी दुसऱ्यांदा तुटलेला होता. विमान सरळ पश्चिमेस चालू लागले. तास-दोन तासांनी मस्कतचे नाव नकाशावर आले, मग इराणचे आखात, मग बसरा, बगदाद, आणि तेथून तुर्कस्थानच्या डोंगरांवरून बाल्कनकडे. मास्तरांनी आखणीने काढलेली आणि स्वतःच चुकीची ठरविलेली ती भिंतीवरची रेघ आमचा वैमानिक जवळजवळ तंतोतंत गिरवीत होता! एवढेच नव्हे, तर १९२९ सालच्या त्या सात दिवसांच्या मार्गावरील बसरा व बगदाद ही ठाणीही, न थांबता का होईना, आम्ही पुन्हा घेत होतो. शंभर वर्षे विमाने सुधारत गेली आणि वाट मात्र फिरून जुन्या ठिकाणी आली.

आकाशावर मालकी सांगण्याचा हा अधिकार राज्यांचा असल्याचे नव्याने मान्य झाले ते ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या कराराने. आपल्या भूमीवरील आकाशावर त्या त्या राज्याचा संपूर्ण आणि अनन्य अंमल राहील, असे त्याचे पहिलेच कलम आहे. ज्या देशाच्या वरून विमान जाते तो देश त्याबद्दल शुल्कही घेतो, आणि ते बहुधा विमानाचे वजन व त्या हद्दीत कापलेले अंतर यांच्या मानाने आकारले जाते. हे वाचून अनेकांना वाटते की हे सारे अर्वाचीन सरकारांचे डोके. पण मुंबईहून पश्चिमेस निघालेल्या मनुष्याने असे म्हणणे शोभत नाही. विमानाच्या खाली जो अरबी समुद्र पसरला होता, त्यात सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याविना कोणाही व्यापाऱ्याने गलबत हाकारू नये असा दंडक होता. आणि पुढे कुलाब्याच्या कान्होजी आंग्र्यांनी तोच अधिकार मराठ्यांचा म्हणून बजावला. त्यांचे दस्तक नसलेले तारू त्यांचे आरमार बिनदिक्कत अडवून घेई. मुंबईकर इंग्रजांना हे मान्य नव्हते. समुद्र सर्वांस खुला आहे असा त्यांचा दावा, अर्थात तो तोफांच्या भरवशावर. आंग्र्यांना चाचा म्हणण्याची इंग्रजी बखरकारांची सवय आपल्याकडील काही विद्वानांनीही उचलली, हे मला नेहमीच खटकत आले आहे. पैसे भरून हद्दीतून जा अथवा दूरच्या वाटेने जा, हे सांगणारा अंमलदार चाचा असेल तर आज जगातील यच्चयावत सरकारे त्याच पंक्तीत बसतात.

पण वळशाने जाणारे अंतर काही फार नाही. त्याच्या खात्यावर वीस-पंचवीस मिनिटे टाकली की पुरे. वाऱ्याचे मात्र तसे नाही. या अक्षांशांत दहा-अकरा किलोमीटर उंचीवर वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, आणि हिवाळ्यात तर त्यांतील वेगवान प्रवाह ताशी दोनशे किलोमीटरांच्याही वर जातात. पश्चिमेस निघालेल्या विमानाला हे सारे तोंडावर घ्यावे लागते. समोरच्या पडद्यावर वाऱ्याची दिशा व वेग दाखविणारा एक लहानसा बाण असतो. तुर्कस्थानवर तो आमच्या नाकाकडे रोखून धरल्यासारखा स्थिर उभा राहिला आणि जमिनीच्या मानाने आमचा वेग आठशेपर्यंत खाली उतरला. परतीच्या वाटेवर तोच वारा पाठीशी असल्यामुळे लंडन-मुंबई प्रवासास मुंबई-लंडनपेक्षा पाऊण तास तरी कमी लागतो. अंतर तेच, विमानाची शक्ती तीच, पण जाताना आणि येताना निराळी वेळ.

काळाचा घोळ याहून अवघड. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ मुंबईच्या साडेचार तास मागे असते, हिवाळ्यात साडेपाच. आम्ही पश्चिमेस चाललो होतो आणि सूर्यही पश्चिमेसच. परंतु तो तासाला पंधरा अंश रेखांश ओलांडतो, आम्ही सरासरीने त्याच्या निम्मेच ओलांडीत होतो. परिणामी अरबी समुद्रावर जी सकाळ उजाडली ती संपेचना. खिडकीतून येणारे कोवळे ऊन इराकवर कोवळे, तुर्कस्थानवर कोवळे, आणि बाल्कनवरही दहाच्या सुमाराचेच.

माझ्या शेजारी साताऱ्याकडील एक वृद्ध बाई बसल्या होत्या. मुलगा स्लाऊ येथे नोकरीस, सून बाळंत झालेली, म्हणून त्या पहिल्यानेच निघालेल्या. मांडीवरच्या पिशवीत मेतकुटाची आणि डिंकाच्या लाडवांची डबी, आणि हातात मधुमेहाच्या गोळ्यांची चांदीसारखी पट्टी. हवाई सुंदरीने पुन्हा एकदा न्याहारीचीच थाळी पुढे ठेवली तेव्हा त्यांनी मला विचारले,

"दादा, ही गोळी सकाळची घ्यायची का दुपारची? आमच्या घरी तर आता दोन वाजलं असतील."

"मावशी, पोटाला अजून साताऱ्याचंच घड्याळ आहे. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"ते म्हणालं, जेवणाआधी घ्या. पण हे जेवण म्हणायचं का?"

थाळीत एक थंड पाव, लोण्याची चिमुकली डबी आणि उकडलेल्या बटाट्याचे दोन तुकडे होते. याला जेवण म्हणावे की न म्हणावे हा प्रश्न मलाही सोडविता आला नाही. अखेर त्यांनी पिशवीतून दशमी काढली, ती खाण्याआधी गोळी घेतली आणि अर्धी दशमी माझ्या हातावर ठेवली. घड्याळ बदलायला मुलगा सांगेल तेव्हा बदलू, असा त्यांनी निकाल दिला. आणि मला तो फार शहाणपणाचा वाटला. शहरेसुद्धा असेच करीत आली आहेत. १९०६ च्या जानेवारीपासून साऱ्या हिंदुस्थानाला एक प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागे चालणारी स्वतःची वेळ सोडली नाही. सरकारी कचेऱ्या एका वेळेवर आणि शहराची कित्येक घड्याळे दुसऱ्या वेळेवर, असा दुहेरी कारभार तेथे १९५५ पर्यंत चालला होता.

जर्मनी मागे पडला, इंग्लिश खाडी ओलांडली आणि इंग्लंडची हिरवी चौकोनी शेते ढगांच्या फटीतून दिसू लागली. आता पोहोचलोच, म्हणून मावशींनी चपला चढविल्या. पण हीथ्रोवर उतरणाऱ्या विमानांची दाटी एवढी असते की लंडनच्या चार दिशांस चार ठिकाणी, बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन हिल येथे, त्यांना एकावर एक अशा मजल्यांनी घिरट्या घालीत थांबविले जाते, आणि खालच्या मजल्यावरचे विमान उतरावयास सुटले की वरचे एकेक मजला खाली येते. आम्ही पूर्वेकडून आल्याने आमच्या वाट्याला लॅम्बोर्न आले. नकाशावर विमानाच्या वाटेची पिवळी रेघ, जी मुंबईपासून येथवर इतकी सरळ आली होती, तिचे आता एसेक्सच्या शेतांवर बैलाच्या घाण्यासारखे फेरे पडू लागले. एक फेरा झाला, दुसरा झाला, तिसऱ्यात मावशींनी मला विचारले की ह्याला वाट सापडत नाही का. वीस मिनिटांनी एकदाची पाळी आली, थेम्सची वळणे आणि विंबल्डनकडची घरे खालून गेली, आणि सव्वादहाच्या सुमारास विमान टेकले. तेथून दारापर्यंत पोहोचून चॉक लागेस्तोवर पावणेअकरा. मुंबईत तेव्हा सव्वातीन झाले होते.

तर हिशेब असा : शुद्ध अंतराचे आठ तास, वळशाची वीस मिनिटे, वाऱ्याची सुमारे पस्तीस, दोन्ही टोकांस जमिनीवर सरपटण्याचे पाऊण तासास थोडे अधिक. घिरट्यांची वीस मिनिटे कोठे बसवावी हे मला नीटसे जमले नाही, कारण वैमानिकाने वाटेत कोठेतरी वेग वाढवून त्यांतील काही भरून काढली असावी. या सर्वांत निसर्गाने नेमून दिलेले काय ते पहिले आठ तास आणि वाऱ्याची ती पस्तीस मिनिटे. बाकीचा खर्च माणसांनी एकमेकांवर लादलेला आहे, आणि त्यात शेजाऱ्याशी वैर करण्याची किंमत गर्दीच्या किमतीहून कितीतरी स्वस्त पडते, हे पाहून मी थोडा खिन्न झालो. दिल्लीहून निघणाऱ्यांना मात्र ती स्वस्त पडत नाही. त्यांना आधी दक्षिणेकडे येऊन मग पश्चिमेस वळावे लागते.

लंडनला मुलांकडे निघालेल्या आईवडिलांना माझे एवढेच सांगणे आहे की, विमान टेकण्याची वेळ कळवून मुलांस दारात उभे करू नये. पारपत्राची रांग आणि सामानाचा पट्टा मिळून हीथ्रोला सहज दीड तास जातो, तेथील गाडीतळाचे भाडे मिनिटांच्या हिशेबाने चढत असते, आणि ते भरताना मुलगा जे पुटपुटतो ते ऐकण्यासाठी कोणी एवढे ७,२०० किलोमीटर जात नाही.